लग्न दोन घरांचे, फारकत दोघांची

मराठी कुटुंबातील ठरवून केलेल्या लग्नात आईवडील नुसते प्रेक्षक नसतात. स्थळ शोधणे, पत्रिका जुळवणे, वडीलधाऱ्यांची बैठक बसवून याद्या करणे, म्हणजे देणेघेणे, मानपान आणि खर्चाची वाटणी कागदावर उतरवून दोन्ही बाजूंनी त्यावर सह्या करणे, ही सारी कामे त्यांची असतात. निमंत्रणपत्रिकेवर नाव त्यांचे असते आणि कन्यादानाचे पाणी सोडणारा हातही त्यांचाच. हेच लग्न काही वर्षांनी मोडू लागते तेव्हा मात्र कायद्याच्या लेखी त्यांना कसलेही स्थान उरत नाही. अर्जदार एक, सामनेवाला दुसरा, आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्यात लग्न मोडल्याचा निर्णय त्या दोघांपुरताच. पण परत आलेल्या मुलीची राहण्याची सोय, नातवंडांची शाळा, वकिलाची फी, धाकट्या भावंडांच्या लग्नात येणारी आडकाठी आणि वाडीतल्या प्रश्नांना द्यायची उत्तरे हे सारे आईवडिलांच्याच अंगावर येते. मुलांच्या घटस्फोटाला आईवडील कसे सामोरे जातात याची चर्चा बहुधा माया आणि अब्रू या दोन शब्दांत आटोपली जाते; त्यांच्या वागण्याचा खरा उलगडा होतो तो अधिकाराविना आलेल्या या जबाबदारीकडे पाहिल्यावर.

कुटुंबाच्या अभ्यासकांनी या अवस्थेचा स्वतंत्रपणे विचार केला आहे. एका माणसाच्या आयुष्यातील बदलामुळे दुसऱ्याचे स्थान आपोआप बदलते, जसे मुलाला मूल झाले की बाप आजोबा होतो, त्याला समाजशास्त्रज्ञ गुनहिल्ड हागेस्टाड यांनी वेगळे नाव दिले; मराठीत त्याला प्रतिस्थित्यंतर म्हणता येईल. अशा बदलाची वेळ स्वतःच्या हाती नसते आणि त्याला नकारही देता येत नाही. आजोबा होण्याचा निदान सोहळा होतो. माजी सासू होण्याला ना विधी ना नाव. कर्ट ल्यूशर आणि कार्ल पिलेमर यांनी १९९८ साली मांडलेली द्विधाभावाची कल्पनाही येथे उपयोगी पडते. मूल स्वतंत्र व्हावे असे वाटणे आणि ते संकटात सापडले की त्याला पुन्हा पंखाखाली घेणे, या परस्परविरोधी अपेक्षा समाजच आईवडिलांकडून एकाच वेळी बाळगतो, म्हणून त्यांचे वागणे बाहेरून विसंगत दिसते. कॅरन फिंगरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात असे आढळले की, अनेक मुलांपैकी एकाचे जरी बिनसले तरी आईवडिलांचे स्वास्थ्य ढासळते आणि दुसऱ्या मुलाच्या यशाने ते भरून निघत नाही. हे निष्कर्ष परदेशातले असले तरी ते कोकणातल्या आईला सांगितले तर तिला त्यात नवे काही वाटणार नाही.

या प्रश्नाचा कायदेशीर आणि सामाजिक गुंता जवळून पाहायचा तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी हे गाव सोयीचे आहे. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिणेला, यशवंतगड, लोहखनिजाच्या खाणी आणि बंदर यांमुळे ओळखले जाणारे हे गाव गोव्याच्या हद्दीला लागून आहे; शेजारचा तेरेखोल किल्ला नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात मोडतो. भाषा, देवदेवस्की आणि सोयरीक या हद्दीला जुमानत नाहीत, पण विवाहाचा कायदा जुमानतो. पोर्तुगालमध्ये ऑक्टोबर १९१० मध्ये प्रजासत्ताक आल्यावर महिन्याभरातच घटस्फोटाचा कायदा झाला, त्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाचीही तरतूद होती, आणि तो पुढे गोव्यातही लागू झाला. रेडी त्या काळी ब्रिटिश मुंबई इलाख्यात होते. तेथील हिंदूंना घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क मिळाला तो १९४७च्या मुंबई घटस्फोट कायद्याने, देशभर १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने, आणि परस्परसंमतीचा मार्ग तर १९७६च्या दुरुस्तीने. म्हणजे नदीकाठच्या एकाच पट्ट्यात, एकाच बोलीत लग्नाची गाणी म्हणणाऱ्या दोन घरांपैकी एकासाठी फारकत ही कायद्याने शक्य गोष्ट होती आणि दुसऱ्यासाठी कित्येक दशके नव्हती. तरीही, कायदा आधी आला म्हणून गोव्यातल्या आईबापांनी परत आलेल्या मुलीला अधिक मोकळेपणाने दार उघडले असेल, असे मानण्याची घाई करू नये, कारण दार उघडणे कायद्यापेक्षा घराच्या वाटणीवर अधिक अवलंबून असते.

कायद्याच्या आधी घटस्फोट नव्हताच, हा समज मात्र उच्चवर्णीय अनुभवावरून बनलेला आहे. महाराष्ट्रातील अनेक जातींत पंचांसमोर काडी मोडून लग्न मोडण्याची, म्हणजे काडीमोडीची, रीत होती. नवऱ्याने लिहून दिलेली सोडचिठ्ठी होती. आणि त्यानंतर बाईने केलेल्या दुसऱ्या लग्नाला पाट किंवा म्होतूर म्हणत. त्या व्यवस्थेत मुलीच्या बापाला बैठकीत जागा असे: तो गाऱ्हाणे मांडी, देज, म्हणजे वरपक्षाकडून घेतलेले वधूमूल्य, परत करायचे की नाही यावर घासाघीस करी आणि मुलीला घेऊन घरी जाई. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका खटल्यात, लग्न मोडल्याचे जाहीर करून बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आपण मानत नाही, असे म्हटले. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ने रूढीनुसार होणारा घटस्फोट कायम ठेवला, पण रूढी सिद्ध करण्याचा भार सांगणाऱ्यावर पडला. जातपंचायतींनी बायकांवर केलेला जुलूम लक्षात घेता त्यांची सत्ता गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. एवढेच खरे की, त्या सत्तेबरोबर आईवडिलांचे बैठकीतले स्थानही गेले.

या बदलाच्या ऐन मध्यावर मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. १८६४ साली जन्मलेल्या रखमाबाईंचे वडील त्या लहान असतानाच वारले आणि आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. परंतु त्या नांदायला गेल्या नाहीत, आई आणि सावत्र वडिलांच्या घरीच वाढल्या आणि शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्क परत मिळावेत, म्हणजे बायकोने नांदायला यावे, असा दावा लावला. दादाजींच्या बाजूने आरोप असा होता की मुलीच्या नावावरील मालमत्तेच्या लोभाने माहेरचे लोक तिला अडवून ठेवत आहेत. माहेरच्या आधाराकडे संशयाने पाहण्याची ही रीत आजही टिकून आहे. मुलगी परतली की तिला आईने फूस लावली असे म्हणणारा कोणीतरी भेटतोच. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण तो ऐकायला सखाराम अर्जुन हयात नव्हते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले होते. अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. लोकमान्य टिळकांच्या वृत्तपत्रांनी रखमाबाईंविरुद्ध भूमिका घेतली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची बजावणी सोडून दिली. विवाह कायद्याने मोडला असे मात्र झाले नाही; पुढे लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन सुरत व राजकोट येथे डॉक्टर म्हणून काम केलेल्या रखमाबाईंनी १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर विधवेचा वेश धारण केला.

या खटल्याची चर्चा बालविवाह आणि संमतिवय यांच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. आईबापांच्या वागण्याच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, मुलीला घरी राहू देणे ही सखाराम अर्जुन यांची कृती एखाद्या जाहीर भूमिकेइतकीच निर्णायक ठरली. जयंतीबाई स्वतः पुनर्विवाहित होत्या, घरात मिळकत होती आणि कर्ता पुरुष शिकलेला डॉक्टर होता. या तीन गोष्टी नसत्या तर रखमाबाईंच्या धैर्याला उभे राहायला जमीन मिळाली नसती. वैवाहिक हक्क परत मिळवण्याचा तो दावाही इतिहासजमा झालेला नाही. इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला हा उपाय इंग्लंडने १९७० साली रद्द केला, पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९मध्ये तो अजून आहे आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. ‘थोडे सोसून बघ’ म्हणत मुलीला परत पाठवणारे आईवडील जुनाट ठरतात खरे, परंतु तीच गोष्ट कायदाही कलमाचा आधार देऊन करू शकतो.

मुलीला परत पाठवणे ही आईवडिलांची पहिली प्रतिक्रिया का असते, याचे उत्तर घराच्या मालकीत सापडते. तळकोकणातील जुने घर बहुधा सामाईक असते. सातबाऱ्यावर आजोबांपासूनच्या वारसांची रांग असते, त्यातील निम्मे मुंबईला, आणि एका खोलीवर कोणाचा ताबा यावरून चुलत्यांत अबोला असतो. अशा घरात बाप मुलीला ‘राहा’ म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या एकट्याच्या जागेत तिला बोलावत नसतो. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २३नुसार मुलगी राहत्या घराची वाटणी स्वतः मागू शकत नव्हती. तिला केवळ निवासाचा हक्क होता, आणि तोही ती अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा त्याच्यापासून विभक्त असेल तरच. म्हणजे लग्न धड असेपर्यंत मुलगी परकी आणि मोडल्यावर तेवढ्यापुरती घरची, अशी ती रचना होती. २००५च्या दुरुस्तीने हे कलम गेले, मुलगी मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतील जन्मसिद्ध हिस्सेदार झाली, आणि ऑगस्ट २०२०मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही. हद्दीपलीकडे गोव्यात आईबापांच्या मिळकतीचा अर्धा भाग मुलामुलींसाठी सारखा राखून ठेवावा लागतो, त्यापासून कोणाला सहजी वंचित करता येत नाही.

दोन्हीकडचे कायदे मुलीच्या बाजूचे असताना व्यवहारात आड येते ते हक्कसोडपत्र. बाप गेल्यावर, किंवा त्याच्या हयातीतच, भावांच्या नावे हिस्सा सोडल्याचा हा दस्त मुलीकडून सही करून घेतला जातो, आणि त्याचा मोबदला म्हणून तिला माहेरपणाचे आश्वासन मिळते: चतुर्थीला ये, मे महिन्यात आंबे-फणसांना ये, तुझी साडी-चोळी चुकणार नाही. पाहुणी म्हणून मिळणारे हे माहेर चार दिवसांचे असते. तेच घर कायमचे मागितले की भावजयीच्या स्वयंपाकघरापासून अडचणी सुरू होतात. आईवडील त्या वेळी मुलगी आणि मुलगा यांच्यात निवड करत असतात, आणि म्हातारपणी ज्याच्या घरात राहायचे त्या मुलाला दुखवण्याची त्यांची तयारी नसते. याला मायेचा अभाव म्हणणे अन्यायाचे होईल. पण हे गणित आईबाप मुलीला कधी सांगत नाहीत, आणि तिला वाटत राहते की त्यांना लोकांचीच भीती आहे.

लोकांची भीती अर्थात खरीच आहे. ‘लोकां काय म्हणतली?’ हा मालवणी मुलखातला प्रश्न नुसता टोमणा नसतो, त्यामागे हिशेब असतो. धाकट्या मुलीचे लग्न उरले असेल तर तो हिशेब आणखी कडक होतो. मात्र या जिल्ह्यात विभक्त राहण्याला एक पडदाही फार काळ मिळत आला. पुरुष मुंबईला गिरणीत किंवा नोकरीत आणि बायको गावाला, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. २०११च्या जनगणनेतही सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. चाकरमानी नवरा वर्षातून दोनदाच येतो ही नेहमीची गोष्ट असल्यामुळे, तो यायचाच थांबला तरी ‘रजा मिळत नाही’ एवढ्यावर आईवडील काही वर्षे निभावून नेऊ शकत. लग्न मोडले हे मान्य न करता ते मोडलेले असू शकते, याची ही कोकणी पद्धत. देशाच्या आकड्यांतही तिचे प्रतिबिंब दिसते: सूरज जेकब आणि श्रीपर्णा चट्टोपाध्याय यांनी २०११च्या जनगणनेच्या आधारे दाखवले की, घटस्फोटित म्हणून नोंदलेले सुमारे १३ लाख ६० हजार लोक होते, तर घटस्फोट न घेता विभक्त राहणाऱ्यांची संख्या त्याच्या जवळजवळ तिप्पट होती. घटस्फोटाचे प्रमाण कमी म्हणून भारतीय विवाह टिकाऊ, असे सांगणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही सोबत सांगायला हवा. टाकलेल्या, म्हणजे परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न महाराष्ट्रात जाहीरपणे मांडला गेला तो १९८८ साली संगमनेर येथे भरलेल्या परिषदेपासून; निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या त्या चळवळीने माहेरच्या दारात अडकून पडलेल्या बाईला शिधापत्रिका, निवारा आणि पोटगी या भाषेत बोलायला शिकवले.

खटला उभा राहिला की बापाचे काम बदलते. २००३च्या दुरुस्तीपासून पत्नीला आपण राहतो तेथील न्यायालयात अर्ज करता येतो; लग्न मुंबईत झालेले आणि संसार ठाण्यात मोडलेला असला तरी माहेरी परतलेल्या रेडीच्या मुलीचे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातच चालू शकते. ही सोय मुलीच्या फायद्याची आहे, आणि तिच्यामुळेच निवृत्त बापाच्या वाट्याला तारखांना सोबत जाणे, कागद सांभाळणे आणि वकिलापुढे बसणे येते. पुष्कळ बाप या कामात मुलीच्या पूर्वीपेक्षा जवळ येतात. भावना बोलून दाखवण्याची सवय नसलेल्या पुरुषाला झेरॉक्स काढून फाइल लावण्यात मायेची वाट सापडते. आईची वाट अधिक अवघड असते. हळदीकुंकवाला मुलीला न्यायचे की नाही, गौरीच्या ओवशाला वाडीतल्या नव्या सुना सुपे घेऊन आल्या की मुलीने ओटीवर बसायचे की आत, असे प्रश्न तिला एकटीला, बायकांच्या घोळक्यात आणि क्षणात सोडवावे लागतात. बाप घटस्फोट लवकर मान्य करतो आणि आई अडून बसते, असे जे वारंवार म्हटले जाते, त्यामागे आईचा जुनाटपणा कमी आणि तिला द्याव्या लागणाऱ्या उत्तरांची संख्या अधिक असते.

कायद्याने आईवडिलांवर टाकलेली जबाबदारीही अर्धवट आहे. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार अविवाहित मुलीचे पालनपोषण करणे आईबापांवर बंधनकारक आहे, आणि मृताच्या मिळकतीतून निर्वाह मागू शकणाऱ्या आश्रितांच्या यादीत विधवा मुलगी आहे. घटस्फोटित मुलीचा त्या यादीत उल्लेख नाही. तिने पोटगी मागायची ती माजी नवऱ्याकडे, आणि पोटगी थकली की पुन्हा बापाच्या मर्जीवर.

मुलाच्या आईवडिलांबद्दल सहानुभूतीने लिहिले जाते ते कमी, आणि त्याला कारणही आहे: छळाच्या तक्रारीत सासू-सासऱ्यांची नावे येतात, आणि पुष्कळदा ती योग्यच असतात. पण त्यांच्यापैकी ज्यांचा दोष नसतो त्यांचीही कोंडी होते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातील सामायिक घर, म्हणजे जेथे पत्नी नांदली ते घर, सासऱ्याच्या मालकीचे असले तरी सुनेला तेथे राहण्याचा हक्क असू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये ठरवले. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्याचा आधार घेऊन हा हक्क परस्पर डावलता येणार नाही, असेही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांगितले. हे निर्णय आवश्यकच होते. त्यांचा परिणाम म्हणून आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मुलाचे भांडण आणि स्वतःचे म्हातारपण एकत्र येते. अशा आईबापांची ठरलेली प्रतिक्रिया म्हणजे मुलासाठी ताबडतोब दुसरे स्थळ पाहणे. वधूवर सूचक मंडळाच्या नोंदवहीत ‘घटस्फोटित, विनापत्य’ एवढे दोन शब्द लिहिले की मागचे मिटले असे त्यांना वाटते, आणि पहिले लग्न का मोडले हा प्रश्न मुलाला विचारायचाच राहून जातो.

अपत्य असेल तेव्हा मात्र मागचे मिटत नाही. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे १९५६च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात म्हटले आहे, त्यामुळे वडिलांकडचे आजी-आजोबा नातवंडापासून प्रथम तुटतात. मानववंशशास्त्रज्ञ कॉलीन जॉन्सन यांनी कॅलिफोर्नियातील कुटुंबांचा अभ्यास करून १९८८ साली लिहिलेल्या पुस्तकात एक चतुर निरीक्षण आहे: मुलाच्या घटस्फोटानंतर ज्या आज्यांनी माजी सुनेशी संबंध राखले त्यांना नातवंडेही भेटत राहिली, आणि असे करताना त्यांना प्रसंगी मुलाचा रोषही पत्करावा लागला. फ्रान्सच्या नागरी संहितेने आजी-आजोबांशी संबंध ठेवण्याचा हक्क थेट बालकालाच दिला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ट्रॉक्सेल खटल्यात याउलट, सुयोग्य आईबापांच्या निर्णयाला झुकते माप दिले. भारतात आजी-आजोबांना असा स्वतंत्र वैधानिक हक्क नाही. बालकाचे हित पाहून न्यायालय भेटीची मुभा देऊ शकते, आणि बहुतेक वेळा ती मुभा वडिलांच्या भेटीच्या वेळापत्रकातच सामावलेली असते.

कोकणातल्या आजी-आजोबांनी लक्ष द्यावे ते या वेळापत्रकाकडे. संमतीच्या अटी लिहिताना महिन्याचे ठरावीक रविवार, दिवाळीची अर्धी सुट्टी, उन्हाळ्याची अर्धी सुट्टी अशी वाटणी होते, आणि ती शहरातील दोन घरांना पुरते. रेडीसारख्या गावात सगळे घर एकत्र येते ते दिवाळीला नव्हे, चतुर्थीला. तिची तारीख दरवर्षी पुढेमागे होते आणि शाळेला तेव्हा मोठी सुट्टी असतेच असे नाही. त्या दोघांच्या करारात आजोबांची सही लागत नसली, तरी ‘गणेश चतुर्थीचे पाच दिवस एका वर्षी वडिलांच्या मूळ घरी, दुसऱ्या वर्षी आईच्या’ हे एक वाक्य त्यात घालायला मुलाला किंवा मुलीला सांगणे त्यांच्या हातात असते, आणि ते सही होण्यापूर्वीच सांगावे लागते.